टक-टक थांबली आणि तोंड उघडेना: जबड्याचा सांधा सुईने धुणं कधी, कसं आणि कशासाठी

पिंपळगाव बसवंतहून एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलीचं वय २४, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये काम. दोन वर्षं जेवताना डाव्या कानापुढे 'टक' असा आवाज यायचा. दुखत नव्हतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पाच आठवड्यांपूर्वी एका सकाळी आवाज बंद झाला आणि तेव्हापासून तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, घास चावताना कळ येते. कान तपासला, कानात दोष नाही. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की चकती पुढे सरकली आहे आणि तोंड उघडल्यावरही परत जागेवर येत नाही. नाशिकला एका डॉक्टरांनी सांधा सुईने धुवायला सांगितलं, दुसऱ्यांनी ऑपरेशन करून चकती बसवायला. काय करावं?

वर्णन बरोबर असेल तर सुईने सांधा धुणं हाच पुढचा टप्पा आहे, उघडं ऑपरेशन आत्ता नाही. मात्र एक गोष्ट आधीच समजून घ्या, कारण तिच्यावरूनच पुढे सगळ्यात जास्त निराशा होते: धुतल्याने चकती जागेवर येत नाही. नंतर एमआरआय काढला तर बहुतेकांची चकती पुढेच दिसते. तरीही तोंड उघडतं आणि दुखणं कमी होतं. आपल्याला हवी आहे ती हालचाल, चकतीची जागा नव्हे.

असं का, ते सांध्याची रचना पाहिली की कळतं. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे सरकतं ते खालच्या जबड्याचं डोकं. ते आणि कवटीची खोबण यांच्यामध्ये एक लवचीक चकती असते. तिच्यामुळे सांध्याचे दोन कप्पे पडतात. खालच्या कप्प्यात जबड्याचं डोकं जागच्या जागी फिरतं, वरच्या कप्प्यात ते चकतीसकट पुढे सरकतं. तोंडाचं पहिलं २०-२५ मिलिमीटर उघडणं मुख्यतः फिरण्याने होतं, त्यापुढचं सरकण्याने. वरचा कप्पा अडला की तोंड दोन बोटांवर येऊन थांबतं ते याच कारणाने.

चकती थोडी पुढे सरकलेली असली तर तोंड उघडताना डोकं तिच्या मागच्या जाड कडेवरून उडी मारून तिच्याखाली जातं. तोच 'टक' आवाज. पुढे चकतीचे धागे सैल पडतात, ती दुमडते आणि दाराखाली अडकलेल्या पायपुसण्यासारखी डोक्याच्या वाटेत बसते. दार तेवढ्यावरच थांबतं. उडीच मारता येत नाही, म्हणून आवाजही येत नाही. आवाज थांबला म्हणजे बरं वाटलं असा समज होणं साहजिक आहे, पण तोंड उघडणं कमी होऊन आवाज थांबला असेल तर दुखणं एक पायरी पुढे गेलेलं असतं. आणखी एक प्रकार असतो: चकती फारशी सरकलेली नसते, पण ओल्या ओट्यावर स्टीलची ताटली चिकटावी तशी खोबणीला चिकटून बसते. दात सतत आवळून सांध्यातलं वंगण बिघडलं की असं होतं. सुईने पाणी आत गेलं की हे चिकटणं सुटतं. धुण्याचे सर्वांत चांगले निकाल याच प्रकारात मिळतात.

आता धुण्याआधीची तपासणी. आपल्या भागात पहिला प्रश्न विचारायचा तो सुपारी, मावा, गुटख्याचा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा कडक होऊन तोंड बंद होत जाणारे रुग्ण रोज दिसतात, आणि त्यातले काही जण सांध्याचा आजार समजून उपचार घेत फिरतात. फरक साधा आहे. सुपारीच्या आजारात तोंड महिन्या-वर्षांत हळूहळू कमी होतं, तिखट झोंबतं, गाल आतून पांढुरका दिसतो आणि बोट फिरवलं तर उभ्या दोऱ्या लागतात. तिथे सांधा धुऊन काही मिळत नाही. दुसरं, अक्कलदाढेची सूज. तिसरं, नुसते चावण्याचे स्नायू आखडणं. यात डॉक्टरांनी बोटांनी हळूहळू ताण दिला की तोंड आणखी पाचएक मिलिमीटर किंवा जास्त सैल होतं. चकती अडलेली असली की ताण देऊनही कडक आडकाठी लागते. शिवाय उघडताना हनुवटी आजारी बाजूला वळते, आणि जबडा निरोगी बाजूकडे नेता येत नाही. मुलीला आरशासमोर बसवून हे बघा: डावा सांधा अडला असेल तर हनुवटी डावीकडे जाईल आणि जबडा उजवीकडे नेताना तो अडेल. लहानपणी हनुवटीवर पडल्याचा, टाके पडल्याचा इतिहास असेल तर तोही सांगा. तेव्हा सांध्याजवळचं हाड मोडून नंतर सांधा जुळून आलेला असू शकतो, आणि हाडाने जुळलेला सांधा धुऊन सुटत नाही.

एमआरआयचा कागद पुरेसा नाही, प्लेट किंवा सीडी दाखवा. तपासणी दोन्ही सांध्यांची हवी, आणि तोंड मिटून व उघडून अशी दोन्ही स्थितीतली हवी. उघडून काढलेलीच नसेल तर 'चकती परत येत नाही' हे वाक्य कशावरून लिहिलं, ते विचारायला हरकत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: काहीही त्रास नसलेल्या माणसांचा एमआरआय काढला तर सुमारे तिघांतल्या एकाची चकती सरकलेली सापडते. म्हणून नुसत्या रिपोर्टवरून कुणाचाही सांधा धुवायचा नसतो. आवाज येतो पण दुखत नाही आणि तोंड पूर्ण उघडतं, अशा माणसाला कसलाच उपचार लागत नाही.

धुण्याआधी साधे उपाय झाले का, हेही बघायला हवं. दोन ते चार आठवडे मऊ जेवण, दिवसातून तीन-चारदा १५ मिनिटं ओला शेक, डॉक्टरांनी दिलेली सूज कमी करणारी गोळी नेमाने, आणि रात्री दात आवळायची सवय असेल तर वरच्या किंवा खालच्या पूर्ण दातांवर बसणारी कडक अॅक्रिलिकची पट्टी. बाजारात मिळणारी मऊ रबरी पट्टी घेऊ नका, ती चघळत काही जण उलट जास्त आवळतात. फक्त पुढच्या चार दातांवर बसणारी पट्टी महिनोन् महिने वापरली तर दातांची बैठकच बिघडते. जबडा अडून थोडेच दिवस झाले असतील तर भूल देऊन, दाढांवर अंगठे ठेवून जबडा खाली आणि पुढे ओढून चकती सोडवायचा प्रयत्नही करता येतो. पाच आठवड्यांनंतर तो यशस्वी होण्याची शक्यता कमी. तीव्र अडकलेला, दुखणारा जबडा साध्या उपायांवर तीन महिन्यांपेक्षा जास्त टांगता ठेवू नये असं माझं मत आहे. आतली पडदी तोवर घट्ट होत जाते आणि स्नायूही आखूड होतात. तुमच्या मुलीचे पाच आठवडे झालेत, त्यामुळे घाई नाही, पण द्राक्षांचा हंगाम संपल्यावर बघू म्हणून पुढे ढकलू नका.

या काळात काय करू नये तेही सांगतो. हाडवैद्याकडून झटका देऊन घेऊ नका. कानात गरम तेल घालू नका, दुखणं कानाच्या पुढे आहे, कानात नाही. सांध्याचं दुखणं म्हणून दात यंत्राने घासून 'बैठक' बदलून घेऊ नका, कारण घासलेला दात परत येत नाही.

आता प्रत्यक्ष धुणं. याला आर्थ्रोसेन्टेसिस म्हणतात. डोरिट नित्झान, फ्रँकलिन डॉल्विक आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९१ मध्ये ही पद्धत मांडली. त्याआधी, १९७५ मध्ये जपानमध्ये ओनिशी यांनी या सांध्यात पहिल्यांदा दुर्बीण घातली होती. दुर्बिणीने चिकटलेलं सोडवून सांधा धुतला की रुग्ण बरे होतात हे दिसलं, आणि मग प्रश्न आला की नुसतं धुतलं तर? तर तेही बऱ्याच अंशी पुरतं, असं निघालं. हे काम तोंड-जबड्याचे सर्जन करतात, म्हणजे ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरीतले एमडीएस. नाशिकमध्ये खासगी सर्जन आहेत आणि पंचवटीत दंतमहाविद्यालय आहे, तिथल्या ओरल सर्जरी विभागात चौकशी करता येईल. जाल तिथे 'तुम्ही महिन्याला असे किती सांधे धुता' हे मोकळेपणाने विचारा.

हे जागेपणी, जागा बधिर करून होतं. घाबरणाऱ्याला हलकी झोप देतात, आणि तसं ठरलं तर सहा तास काही खायचं नाही. कानात कापसाचा बोळा, केस मागे, कानापुढची जागा निर्जंतुक केलेली. मार्करने एक रेघ आखतात: ट्रॅगस म्हणतात त्या कानापुढच्या छोट्या उंचवट्याच्या मध्यापासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत. या रेघेवर ट्रॅगसपासून १० मिलिमीटर पुढे आणि तिथून २ मिलिमीटर खाली पहिली खूण. दुसरी खूण २० मिलिमीटर पुढे आणि १० मिलिमीटर खाली. दुसरी सुई या दुसऱ्या खुणेवर घालायला बऱ्याच सर्जनांना अवघड जातं, म्हणून पुष्कळ सर्जन ती पहिलीच्या किंचित पुढे, तिला समांतर घालतात. हात बसला असेल तर त्यात काही वावगं नाही.

कानापुढून जाणारी नस लिग्नोकेनने बधिर करतात. मग दाढांमध्ये ठोकळा ठेवून तोंड जमेल तेवढं उघडं ठेवतात, म्हणजे जबड्याचं डोकं पुढे जातं आणि खोबण मोकळी होते. १८ ते २० गेजची सुई पुढे-वर-आत अशा दिशेने घालतात आणि हाडाला टेकल्यावर थांबतात. खोली साधारण २० ते २५ मिलिमीटर. २५ च्या पुढे रेटायचं नाही, कारण खोबणीचं छत जेमतेम एक मिलिमीटर जाड असतं आणि पलीकडे मेंदूचं आवरण आहे.

सुई खरंच वरच्या कप्प्यात आहे का, हे ओळखण्याची खूण फार सुंदर आहे. सिरिंजने २ मिलिलीटर रिंगर लॅक्टेट, म्हणजे सलाईनसारखं निर्जंतुक पाणी, आत सोडतात. हा कप्पा मुळात मिलिलीटरभराचाच. तो भरला की सिरिंजचा दट्ट्या सोडताच आपोआप मागे येतो, आणि त्याच वेळी रुग्णाची हनुवटी हलकेच पलीकडच्या बाजूला सरकते. दट्ट्या मागे आला नाही आणि गाल मात्र फुगू लागला तर पाणी सांध्याबाहेर चाललंय. तिथेच थांबून सुई पुन्हा लावायची. पाणी तसंच दाबत राहिलं तर सूज गालात, क्वचित घशाच्या बाजूलाही उतरते आणि श्वासाला अडचण येऊ शकते.

कप्पा फुगलेला असतानाच दुसरी सुई घालतात. तिच्यातून पाण्याचे थेंब गळू लागले की वाट जुळली. पहिल्यांदा येणारं पाणी कधी पिवळसर, कधी रक्ताने गुलाबी असतं. हळूहळू ते नितळ होतं. किमान १०० मिलिलीटर, बहुतेक वेळा १५० ते २०० मिलिलीटर पाणी जातं. या पाण्याबरोबर सूज आणि वेदना वाढवणारी द्रव्यं बाहेर येतात. मध्येच बाहेरची वाट बोटाने काही क्षण दाबून आत पाणी रेटतात, म्हणजे बारीक चिकटलेले धागे ताणून सुटतात. त्याच वेळी जबडा उघडणं, पुढे नेणं, दोन्ही बाजूंना फिरवणं चालू असतं. नुसतं पाणी वाहवून काम अर्धंच होतं, हा हाताने फिरवण्याचा भाग टाळणाऱ्याकडे निकाल कमी मिळतो.

पाणी मध्येच अडलं तर टोक हाडाला किंवा आतल्या पडद्याला टेकलेलं असतं, किंवा सुईत गाठ अडकलेली असते. सुई फिरवायची, एक-दोन मिलिमीटर मागे घ्यायची, आतून तार फिरवायची. जोर लावायचा नाही. सगळं मिळून अर्धा ते पाऊण तास लागतो. नाडी आणि ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावलेलं असावंच, कारण जबडा ओढताना काहींची नाडी एकदम मंदावते.

शेवटी सांध्यात काय घालायचं, यावर बराच खर्च वाढतो, म्हणून जरा सविस्तर. हायल्युरॉनिक आम्लाचं १ मिलिलीटर वंगण घालतात. त्याने फायदा होतो का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. सांध्यात झीज असेल तर मी त्याच्या बाजूने आहे, पण परवडत नसेल तर त्यावाचून धुणं वाया जात नाही. रुग्णाचंच रक्त फिरवून काढलेलं पीआरपी हे झिजलेल्या किंवा पुन्हा पुन्हा दुखणाऱ्या सांध्यासाठी विचारात घ्यावं, २४ वर्षांच्या मुलीच्या पहिल्याच वेळी नको. स्टेरॉइड एकदा घातल्याने तीव्र सूज ओसरते, पण ते वारंवार घातलं तर कूर्चा आणि हाड झिजतं. दर दोन महिन्यांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेणं हा उपचार नव्हे.

घरी जाताना सोबत कुणीतरी हवं आणि मुलीने स्वतः गाडी चालवू नये. पूर्ण तोंडाचं हेल्मेट त्या दिवशी ओढून घालताना जखमेवर घासतं, तेव्हा कारने किंवा बसने जा. त्या दिवशी घडणाऱ्या दोन गोष्टींनी घरचे घाबरतात. एक, डावी भुवई उचलत नाही, डोळा नीट मिटत नाही. बधिर करण्याचं औषध चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचल्याने हे होतं आणि काही तासांत जातं. तोपर्यंत डोळ्यात थेंब टाका आणि डोळा चिकटपट्टीने मिटून ठेवा. दुसरी, त्या बाजूच्या दाढा एकमेकींना टेकत नाहीत. सांध्यात पाणी साचून जबड्याचं डोकं थोडं खाली आलेलं असतं, एक-दोन दिवसांत दाढा पूर्ववत लागतात. कुणी दात घासून देतो म्हणालं तर घासू देऊ नका. पहिले २४ तास फडक्यात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं लावायचा आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा. नंतर ओला शेक.

जेवण दोन आठवडे मऊ: खिचडी, मऊ भात, उपमा, धिरडं. बाजरीची भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून. चिवडा, मिसळीतली कडक शेव, ऊस, भाजलेलं कणीस आणि पेरू बंद. पाव दातांनी तोडायचा नाही. द्राक्षं चालतात. जांभई येईल तेव्हा हनुवटीखाली मूठ धरायची.

आणि आता तो भाग, ज्यावर निम्मा निकाल उभा आहे. व्यायाम त्याच संध्याकाळी सुरू करायचे, दुखणं थांबल्यावर नव्हे. अंगठा वरच्या पुढच्या दातांवर, तर्जनी खालच्या दातांवर, बोटं कात्रीसारखी. ताण जाणवेपर्यंत उघडायचं, १० सेकंद धरायचं, सोडायचं. असं १० वेळा. मग जबडा पुढे, उजवीकडे, डावीकडे, प्रत्येकी १० वेळा. दिवसातून सहा वेळा. पॅकहाउसच्या कामात हे विसरलं जातं, म्हणून वेळा चहा-जेवणाला बांधून टाका: उठल्यावर, न्याहारीआधी, दुपारच्या डब्याआधी, चहाच्या सुट्टीत, रात्री जेवणाआधी, झोपताना. हिवाळ्यात निफाड-पिंपळगावकडची सकाळ गारठ्याची असते. आधी पाच मिनिटं गरम फडक्याने शेका आणि मगच ताण द्या. गाडीवर कानापुढून रुमाल बांधा.

माप फुटपट्टीने घ्या, वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत, रोज सकाळी एकदा, आणि वहीत लिहा. टेबलावर उघडलेलं तोंड दुसऱ्या दिवशी सुजेमुळे दोन-चार मिलिमीटर कमी होतं, त्याने धीर सोडू नका. आठवड्याअखेर ३५ मिलिमीटर आणि महिन्याअखेर ४० च्या आसपास, ही माझी अपेक्षा. दहापैकी साधारण सात-आठ जणांना चांगला फरक पडतो. काहींचा जुना 'टक' आवाज परत येतो, आणि तो अपयशाची खूण नाही. दुखत नसेल तर तो येऊ द्यावा.

सहा ते आठ आठवडे व्यायाम मनापासून करूनही माप ३० च्या आत अडलं तर एकदा पुन्हा धुता येतं, किंवा सुमारे २ मिलिमीटर जाडीच्या दुर्बिणीने आत बघून चिकटलेलं सोडवता येतं. त्याला पूर्ण भूल लागते. तिसऱ्या-चौथ्यांदा नुसतं धुत बसू नये. चकती शिवणं किंवा काढणं हे उघडं ऑपरेशन त्याच्याही नंतरचं. चेहऱ्याच्या नसेला धोका आणि कायमचा व्रण, हे त्याचं मोल आहे. शिवलेली चकती पुन्हा सरकल्याचेही अनुभव आहेत. १९८० च्या दशकात अमेरिकेत काढलेल्या चकतीच्या जागी प्रोप्लास्ट-टेफ्लॉनच्या चकत्या बसवल्या गेल्या. त्या झिजून त्यांच्या कणांनी आसपासचं हाड खाल्लं आणि अनेकांचे सांधे कायमचे गेले. तेव्हापासून जगभर क्रम बदलला: आधी सुई, मग दुर्बीण, आणि सुरी सर्वांत शेवटी. चकतीच्या मागचा मऊ भाग कालांतराने स्वतःच घट्ट होऊन चकतीसारखं काम करू लागतो, आणि त्याला वेळ देणं परवडतं.

रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, गर्भारपण किंवा कानापुढे गळू असेल तर आधी सांगा, आणि कुठलीही गोळी आपणहून बंद करू नका. धुतल्यानंतर श्वास किंवा गिळणं जड वाटलं, ताप आला, कानातून रक्त किंवा पाणी आलं, कमी ऐकू येऊ लागलं, किंवा दुसऱ्या दिवशीही डोळा मिटेना, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री सर्जनला फोन करा. त्यांचा नंबर दवाखान्यातून निघतानाच फोनमध्ये साठवून घ्या.